मॉरिशसला निघालात? मग कास्कावेललाही जाऊन या

मागच्या अंकात मी मॉरिशसबद्दल जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, तिथल्या व्हॅनिलाच्या चहावरून विषय निघाला म्हणून, आणि त्यावर एवढी पत्रं आलीत की हा महिना अख्खा त्यालाच देतेय. मी दोनदा गेलेय. एकदा लग्न झाल्यावर पॅकेज टूरने, तेव्हा रिसॉर्टच्या फाटकाबाहेर फारसं पाऊल पडलंच नाही, आणि दुसऱ्यांदा २०२३ च्या गणपतीत आईला घेऊन. खरं मॉरिशस मला दुसऱ्या वेळी दिसलं, त्यामुळे खाली जे सांगतेय ते बहुतेक त्या वेळचंच आहे.

प्रश्न : नोव्हेंबरच्या शेवटी आमचं लग्न आहे आणि लगेच सहा रात्रींचं मॉरिशस पॅकेज बघतोय, सगळं रिसॉर्टमध्येच इन्क्लुडेड आहे. घरचे म्हणतात बीच सोडून तिथे बघायला काही नाही, मग अंदमानलाच जा. काय करावं? आणि व्हिसा, पैसे, हवामान याचं पण सांगा. (घणसोली)

आधी तुम्हा दोघांचं अभिनंदन! अंदमान सुंदरच आहे, तिथे नंतर कधीही जाल, पण "बीच सोडून काही नाही" हे मात्र मला अजिबात पटत नाही. देश केवढासा आहे बघा, सगळी बेटं धरून साधारण २०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्याच्या निम्मा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची १८ लाखांच्या वर होती. आणि एवढ्याशा जागेत ज्वालामुखीचे डोंगर, घनदाट जंगल, उसाची शेतं, देवळं, मशिदी, चर्च, पॅगोडा, चार-पाच भाषा आणि भोवती जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची भिंत. सकाळी एका टोकाला निघालात तर दुपारी जेवायला दुसऱ्या टोकाला पोचता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, सहातले निदान दोन-तीन दिवस रिसॉर्टबाहेर काढा. सगळं इन्क्लुडेड घेतलं की पैसे भरलेत म्हणून माणूस दुपारी जेवायला परत येतो आणि दिवस तिथेच तुटतो, तेव्हा नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच घ्या. एक दिवस दक्षिण-पश्चिमेला ठेवा, ल मॉर्न आणि शामारेलकडे. ल मॉर्न हा समुद्रातून सरळ वर आलेला ५५६ मीटरचा कडा, फोटोत तो हमखास असतो, पण त्याची गोष्ट फोटोत येत नाही. गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेले गुलाम त्या कड्यावर, कपारींमध्ये लपून राहायचे. तिथे असं सांगतात की १८३५ साली गुलामगिरी संपली तेव्हा ती बातमी द्यायला शिपाई वर चढले, आणि आपल्याला पकडायलाच आलेत असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या. २००८ पासून ती जागतिक वारसा जागा आहे. खाली बीचवर उभं राहून ही गोष्ट आठवली ना, तर तो डोंगर वेगळाच दिसायला लागतो.

हवामान. तो देश विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे ऋतू उलटे. आपला डिसेंबर म्हणजे त्यांचा उन्हाळा, गरम, दमट, मधूनच सरी. पण त्याच दिवसांत तिथे गुलमोहर फुलतो! आपल्याकडे मे महिन्यात लाल होणारं झाड तिथे नाताळात लाल झालेलं असतं आणि बाजारात लिचीचे घोस लटकलेले असतात. चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबरपासून सुरू होतो, जास्त जोर जानेवारी ते मार्च, त्यामुळे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जात असाल तर बहुधा निभावेल, तरी प्रवास विमा काढाच. ज्यांना तारखा निवडता येतात त्यांनी मे, सप्टेंबर किंवा ऑक्टोबर घ्यावा.

भारतीय पासपोर्टला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे आहेत एवढं दाखवता आलं पाहिजे, आणि एक ऑनलाइन फॉर्म असतो तो निघण्याआधी भरायचा. नियम बदलत राहतात म्हणून तिकीट काढण्याआधी एकदा स्वतः बघून घ्या, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. मुंबईहून थेट विमानाने साडेसहा तासांच्या आसपास, घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. चलन त्यांचाही रुपयाच, पण मॉरिशसचा, आपल्या रुपयापेक्षा महाग. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे आपलं यूपीआय सुरू झालंय, तरी प्रत्येक दुकानात चालेल असं धरून जाऊ नका, ठेल्यावर खायचं तर सुटे पैसे लागतातच. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवून घ्या. ई-सिगारेट नेऊ नका, बंदी आहे. दोन प्रकारचे सॉकेट असतात, ॲडॅप्टर ठेवा. झालं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मॉरिशसमध्ये मराठी माणसं आहेत असं लहानपणापासून ऐकतोय. ती खरंच अजून मराठी आहेत का? मी आणि सौ. त्यांना भेटायला म्हणून जाऊ इच्छितो, ते जमेल का? (नौपाडा, ठाणे)

सर, तुमच्या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे.

आहेत. देशाच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण थोडंच, दोन टक्क्यांच्या आसपास धरतात, पण आहेत आणि ठामपणे मराठी म्हणून आहेत. गेले कसे ते आधी सांगते. गुलामगिरी बंद होणार म्हटल्यावर उसाच्या मळेवाल्या गोऱ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ जण पोर्ट लुईला, म्हणजे आजच्या तिथल्या राजधानीत, उतरले आणि तिथून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसं करारावर गेली. बिहारकडचे भोजपुरी बोलणारे सर्वांत जास्त, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेले आपले, बहुतेक रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे. गावाकडे दुष्काळ, कर्ज, वतन गेलेलं, आणि एजंट सांगायचा की तिथे दगड उलटला की खाली सोनं सापडतं. दगड त्यांनी उलटले खरे. आजही उसाच्या शेतांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, घराएवढे, ते जमीन साफ करताना त्या माणसांनी हाताने रचलेत. बस जात असते आणि ढीग दिसत राहतात, आई खिडकीतून बघत होती आणि मग म्हणाली, "हे आपल्या बांधासारखंच रचलंय गं." ती रत्नागिरीची, जांभ्याचे गडगे बघत वाढलेली. नंतर बराच वेळ बोलली नाही.

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे. पूर्वी त्याला कुली घाट म्हणायचे, २००६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. बघायला फार काही नाही, जुन्या दगडी खोल्या, आणि १६ पायऱ्या. बोटीतून उतरलेला प्रत्येक माणूस त्या पायऱ्या चढून वर गेला. आजूबाजूला हायवेची वर्दळ आहे, बस डेपो आहे, आणि मधेच त्या १६ पायऱ्या. तिथे घाई करू नका. शेजारच्या माहिती केंद्रात नोंदवहीतली पानं, फोटो बघायला मिळतात, कारण प्रत्येकाला नंबर होता, पुढे फोटोही काढायला लागले. ही सगळी मूळ कागदपत्रं मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत जपलीत आणि तिथले लोक आपल्या पणजोबांचं गाव शोधायला तिथे जातात. आडनावांचा घोळ तेव्हाच झाला. कारकुनाने नाव विचारलं, यांनी आपलं नुसतं नाव सांगितलं, तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं, ते पण इंग्रजी-फ्रेंच स्पेलिंगमध्ये. म्हणून तिथे आडनावावरून मराठी माणूस ओळखायला जाल तर फसाल.

आता भेटण्याचं. पश्चिमेला कास्कावेल नावाचं गाव आहे, फ्लिक आँ फ्लाकच्या बीचपासून जवळच, आणि तिथे मराठी वस्ती जुनी. १८९६ साली एका मराठी घरात गणपती बसला आणि मॉरिशसमधला गणेशोत्सव तेव्हापासून मोजतात. आज गणेश चतुर्थीची तिथे देशभर सरकारी सुट्टी असते, सगळ्यांना, धर्म कुठलाही असो. मातीच्या मूर्ती, फुलांनी सजवलेले पाट, आणि मग नदीवर नाहीतर समुद्रावर विसर्जन.

आम्ही ज्या घरी गेलो त्या आजी ऐंशीच्या पुढच्या. आईने त्यांना वाकून नमस्कार केला तर त्यांनी आधी आईला धरून उभं केलं आणि विचारलं, "गाव कुटचा?" एवढंच. मग आरती सुरू झाली, आपलीच आरती, आपल्याच चालीत, सगळी कडवी पाठ, लहान मुलांनाही. मधेच त्या आजी नातवाला क्रिओलमध्ये, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेल्या तिथल्या बोलीत, काहीतरी म्हणाल्या, कापूर आण असं असावं, आणि परत आरतीत मिसळल्या, एक शब्दसुद्धा न चुकता. नैवेद्याला मोदक होते. रात्री झाकरी झाली. आपल्या कोकणातली जाखडी, बाल्या नाच म्हणतो ना आपण, तीच ती, गोल करून, ढोलकीवर, पायात घुंगरू. आपल्याकडे लोअर परळच्या चाळी गेल्या आणि जाखडीचे फड कमी झाले, आणि पाच हजार किलोमीटरवर पोरं ती नाचतायत, हे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते अजून आठवतंय.

खरं सांगायचं तर घराघरात रोजची बोली क्रिओलच आहे, मराठी बऱ्याच जणांना शाळेत शिकावी लागते. हो, सरकारी प्राथमिक शाळेत मराठी विषय घेता येतो, वर महात्मा गांधी संस्थेतही शिकवतात. आता तुम्ही शिक्षक, तुम्हीच सांगा, घरात कुणी बोलत नसताना केवळ आपली म्हणून भाषा शाळेत जाऊन शिकायची ही किती मोठी गोष्ट आहे. मराठी मंडळींचं फेडरेशन आहे, मोकाला महाराष्ट्र भवन आहे, एप्रिल २०२३ मध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. जाण्याआधी त्यांना रीतसर पत्र टाका, आम्हाला फार प्रेमाने उत्तर आलं होतं. आणि जाताना लहान मुलांची मराठी पुस्तकं न्या, मोठ्या टायपातली. आम्ही काजू आणि पेढे नेले होते, ते संपले, पण आईने सहज पर्समध्ये ठेवलेलं बडबडगीतांचं एक पातळ पुस्तक होतं त्यावर मुलांच्या उड्या पडल्या.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, दोन मुलं, मोठीला तिखट चालत नाही. तिथे जेवणाचे हाल होतील का? सोबत थेपले, मॅगी न्यावी का? (नेरुळ)

थोडे थेपले विमानापुरते न्या, बाकी नको. फळं, बिया, कच्च्या भाज्या तर अजिबात नेऊ नका, कस्टमला चालत नाही. आणि तिथे रस्त्यावर जे खायला मिळतं त्यातलं निम्मं तुमच्या ओळखीचं निघेल.

दालपुरी हा त्यांचा वडापाव समजा. डाळ शिजवून, वाटून, पुरणासारखी पोळीत भरतात पण गोड नाही, आणि ती पोळी इतकी मऊ आणि पातळ की हातात घेतली तर लोंबते. ठेल्यावर पितळेच्या नाहीतर स्टीलच्या मोठ्या डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असतात, माणूस झाकण उघडतो, वाफ येते, तो दोन पोळ्या एकदम उचलतो कारण त्या जोडीनेच विकतात, त्यावर पांढऱ्या मोठ्या वालांसारख्या दाण्यांची भाजी, टोमॅटोचं रुगाय, लोणचं, कोथिंबिरीची चटणी, आणि मग हात थांबवून तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, "पिमां?" म्हणजे मिरची. तुमच्या मोठीसाठी इथेच मान हलवायची. मग कागदात गुंडाळून हातात. आम्ही पोर्ट लुईच्या बाजाराजवळ उभ्या उभ्या खाल्ल्या आणि लगेच दुसरी जोडी घेतली.

गातो पिमां म्हणजे चण्याच्या डाळीच्या वड्यासारखं, कांदापात, कोथिंबीर, मिरची घातलेलं, सकाळी पावात बटर लावून खातात. आलुदा म्हणजे आपला फालुदाच, दूध, सब्जा आणि चायना ग्रासच्या किसलेल्या कांड्या, मुलांना नक्की आवडेल. छोटं गोड अननस सोलून उभं कापून चिंच-मीठ-मिरची लावून देतात. तमिळ लग्नाचं जेवण असेल आणि कुणी बोलावलं तर केळीच्या पानावर सात भाज्या, तो योग सोडू नका. चायनीज नूडल्स सगळीकडे, पण त्यात ऑयस्टर सॉस असतो, विचारून घ्या. कांदा-लसूण नको असेल तर मात्र अवघड आहे, त्यांनी किचन असलेला फ्लॅट घ्यावा, भाजीबाजारात दोडकी, भोपळा, भेंडी, लाल माठ सगळं मिळतं.

प्रश्न : मी सातवीत आहे. डोडो खरंच मूर्ख होता म्हणून मेला का? आणि तो आता कुठे बघायला मिळेल? (कळवा)

तुझा प्रश्न मला फार आवडला. नाही रे, मूर्ख वगैरे काही नव्हता, लोकांनी उगाच त्याला नाव ठेवलं. डोडो हा कबुतराच्या कुळातला पक्षी, साधारण एक मीटर उंच. त्या बेटावर त्याला खाणारा कुणी मोठा प्राणीच नव्हता, मग उडायचं कशाला? हजारो वर्षांत पंख लहान झाले, घरटं जमिनीवरच. मग १५९८ मध्ये डच लोक आले. त्यांनी थोडे मारून खाल्ले हे खरं, पण जहाजातून उतरलेले उंदीर, डुकरं, माकडं यांनी जमिनीवरची अंडी खाल्ली आणि जंगल तुटत गेलं, हे जास्त भोवलं. १६६२ ला तो शेवटचा दिसला असं बहुतेक मानतात. म्हणजे माणूस आल्यावर शंभर वर्षंसुद्धा टिकला नाही. १८६५ मध्ये एका दलदलीत त्याची खूप हाडं सापडली, ती जागा आत्ताच्या विमानतळाजवळच आहे. पोर्ट लुईच्या म्युझियममध्ये सांगाडा बघता येतो.

पण तू तिथे गेलास तर मी तुला दुसरा पक्षी बघायला सांगेन, मॉरिशस केस्ट्रेल, छोटा ससाणा. १९७४ मध्ये जंगलात त्यांची संख्या होती चार. चारच! कार्ल जोन्स नावाच्या वेल्सच्या शास्त्रज्ञाने १९७९ पासून तिथे राहून काम केलं. युक्ती अशी, की घरट्यातली पहिली अंडी अलगद काढून मशीनमध्ये उबवायची, मग मादी परत अंडी घालते, म्हणजे पिल्लं दुप्पट. आज ते पुन्हा शेकड्यांत आहेत. गुलाबी कबूतर १९९०च्या सुमाराला दहाच्या आसपास उरलं होतं, तेही वाचलं. ते बघायचं तर माएबूर गावाजवळच्या इल ओ झेग्रेत नावाच्या छोट्या बेटावर जायचं, गाइडबरोबर बोटीने. तिथे मोठाली कासवं मोकळी फिरतात, ती सेशेल्सच्या अल्दाब्रा बेटाकडची. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं लोकांनी खाऊन संपवली, म्हणून त्यांच्या जागी ही आणली, कारण फळं खाऊन बिया पसरवायला कुणीतरी पाहिजे ना. आईबाबांना आत्ता मॉरिशस जमत नसेल तर हिवाळ्यात ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो बघून ये, वही घेऊन जा, चित्र काढ आणि मला पाठव.

प्रश्न : सात रंगांची जमीन खरंच सात रंगांची आहे का, की फोटोशॉप? (कोलशेत)

खरी आहे, वर सांगितलेल्या शामारेललाच. ज्वालामुखीचा बेसॉल्ट झिजून माती झाली, त्यात लोखंड आणि ॲल्युमिनियमची संयुगं कमी-जास्त, म्हणून लाल, तपकिरी, जांभळट, पिवळसर. पण जागा छोटी आहे, कुंपणाबाहेरून बघायची, अर्ध्या तासात होते. सकाळी लवकर नाहीतर उतरत्या उन्हात जा, भर दुपारी रंग फिके वाटतात. त्याच रस्त्यावर शामारेलचा धबधबा आहे आणि पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं जंगल, मला विचाराल तर जास्त वेळ त्या जंगलाला द्या.

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या. त्यांना गंगा तलाव बघायचाय. चालणं किती, आणि महाशिवरात्रीला न्यावं का? (कोपरखैरणे)

एरवी नेलंत तर चालणं काहीच नाही, गाडी तलावाजवळ जाते. रस्त्यावरच १०८ फुटांचा मंगल महादेव उभा आहे, २००७ सालचा, वडोदऱ्याच्या सूरसागर तलावातल्या मूर्तीवरून केलेला, समोर तेवढीच उंच दुर्गा. तलाव म्हणजे ज्वालामुखीचं जुनं तोंड, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, त्यामुळे वर गार वारा आणि कधीही धुकं. शाल, स्वेटर न्याच. पायऱ्या ओल्या असतात, सासूबाईंचा हात धरा. माकडं पिशवी ओढतात, प्रसाद सांभाळा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तरेकडच्या त्रिओले गावातल्या पुजाऱ्याला स्वप्नात हा तलाव गंगेशी जोडलेला दिसला अशी गोष्ट सांगतात, तेव्हापासून लोक जायला लागले, आणि १९७२ मध्ये खरोखरच गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं. आपण ठाणेकर तलावांच्या गावातले, मासुंद्याच्या काठी कोपिनेश्वर आहेच, तरी तिथे गेल्यावर मला जे वाटलं ते वेगळं होतं. गंगा मागे राहिली, परत जायला पैसे नाहीत, मग माणसांनी जिथे आहोत तिथेच गंगा मानली.

महाशिवरात्रीला लाखो लोक पांढऱ्या कपड्यात, खांद्यावर कावड घेऊन, गावागावांतून चालत येतात, काही जण दोन-तीन दिवस चालतात. रस्त्याच्या कडेला पाणी, चहा, फळं वाटायला लोक उभे. आपली वारी ज्यांनी केलीय त्यांना ते लगेच कळेल. पण सासूबाईंना त्या गर्दीत नेऊ नका, आठवडाभर आधी किंवा नंतर न्या.

प्रश्न : तिथे सगळे हिंदी बोलतात ना? भारतीयच आहेत म्हटल्यावर आपल्याला कमी पैशात फिरवतील का? (वाशी)

नाही, आणि नाही. ती माणसं मॉरिशियन आहेत. त्यांचा देश १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला, दांडी यात्रा १२ मार्चला निघाली होती म्हणून तो दिवस निवडला, पण देश त्यांचा स्वतःचा. संसदेत इंग्रजी, पेपर फ्रेंचमध्ये, तोंडात क्रिओल. सिनेमांमुळे हिंदी बऱ्याच जणांना कळते, पण सुरुवात "बोंझूर" ने करा, "की मान्येर?" म्हणजे कसे आहात, "मेर्सी" म्हणजे आभार. एवढ्या तीन शब्दांनी चेहरे खुलतात. "तुम्ही तर आमचेच" असं म्हणून दुकानात घासाघीस करणारे आपले लोक मी बघितलेत आणि मला फार वाईट वाटलं होतं. त्यांच्यात आफ्रिकेतून आणलेल्यांचे वंशज आहेत, चिनी आहेत, फ्रेंच आहेत, मुसलमान आहेत, आणि दिवाळी, ईद, चिनी नववर्ष, तमिळांची कावडी, नाताळ सगळ्यांची सुट्टी असते. सेगा नाच गुलामांनी जन्माला घातला, बकऱ्याच्या कातड्याचा राव्हान नावाचा डफ आधी आगीवर शेकून घेतात मग वाजवतात. हॉटेलातला सेगा झगमगाटी असतो, तो बघा हवं तर, पण रविवारी दुपारी एखाद्या पब्लिक बीचवर सुरूच्या झाडांखाली जा, बिर्याणीची पातेली घेऊन आलेली घरंच्या घरं असतात आणि कुणीतरी राव्हान वाजवत असतं. आमच्या हातात न विचारता प्लेट आली होती.

हो, आणि फिरायला मेट्रो आहे. पोर्ट लुई ते क्युरपीप, भारताच्या मदतीतून, आपल्याच एल अँड टी ने बांधलेली. स्वस्त, स्वच्छ, टॅक्सीपेक्षा कितीतरी बरी.

प्रश्न : आम्ही कोळी. खाडीत आता मासळी राहिली नाही, पोरगा म्हणतो मॉरिशसचा समुद्र बघून येऊ. तिथले मासेमारी करणारे कसे राहतात? (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

दादा, तुम्ही गेलात तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसेल. किनाऱ्यापासून थोडं आत प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिथेच फुटतात, आतलं पाणी तळ्यासारखं शांत आणि उथळ. त्यात ते पिरोग नावाच्या छोट्या होड्यांनी जातात, जाळी, गळ, वेताचे पिंजरे. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री म्हणून जागा आहे तिथे मात्र भिंत तुटलेली आहे, समुद्र सरळ कड्यावर येऊन आदळतो, तिथे पाण्यात उतरायचं नाही.

२५ जुलै २०२० ला माएबूरजवळ 'वाकाशिओ' नावाचं मोठं मालवाहू जहाज त्या प्रवाळावर चढलं आणि काही दिवसांनी फुटलं. सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात गेलं. तेव्हा लोक कुणाची वाट बघत बसले नाहीत. उसाचा पाला कापडाच्या पिशव्यांत भरून, शिवून, वर तरंगायला प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधून त्यांनी किलोमीटरच्या किलोमीटर लांब दोर केले आणि पाण्यात सोडले. काहींनी केस कापून दिले, केस तेल धरून ठेवतात म्हणून. कोळी, शाळेतली मुलं, बायका, सगळे गुडघाभर काळ्या पाण्यात. आपल्या खाडीकडे बघताना मला हे नेहमी आठवतं.

आणि जमलं तर रॉड्रिग्जला जा, त्यांचंच बेट, मुख्य बेटापासून साधारण ५६० किलोमीटर पूर्वेला, छोट्या विमानाने. तिथे बायका ओहोटीला गुडघाभर पाण्यात चालत जातात, हातात लोखंडी टोकाची काठी, आणि दगडाच्या कपारीत माकूळसारखा आठ पायांचा ऑक्टोपस शोधून टोचून काढतात, मग दोरीवर कपडे वाळत घालावे तसे वाळवतात. २०१२ पासून तिथे वर्षातले काही आठवडे ऑक्टोपस पकडायला बंदी असते, आपल्या पावसाळी बंदीसारखीच, आणि बंदी संपल्यावर मोठे ऑक्टोपस मिळायला लागले. घरच्या बाईमाणसांना सोबत न्या. त्या पाण्यातल्या बायकांशी भाषा नाही आली तरी तुमच्या घरच्या बायका त्यांच्याशी कशा बोलतील ते मला पत्राने नक्की कळवा.